तारमास्तर ऑनलाइन आहेत

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सूर्य उगवतो. आकाशातला मागाहून, सवडीने येतो. नानांचा सूर्य दवबिंदू पडलेल्या गुलाबामागून वर येतो, शेजारी एक बदक असतं, खाली 'सुप्रभात' आणि त्याच्याही खाली नात्यांची किंमत वगैरे. बदक का, हे विचारायची कोणाची टाप नाही. न्यू जर्सीतल्या चुलतभावाकडे तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. तो बिचारा कित्येक वर्षं रात्रीच्या जेवणाला बसताना 'सुप्रभात' घेतो आणि उलट टपाली जोडलेले हात पाठवतो. न पाठवून चालत नाही. का, ते पुढे येईलच.

नाना म्हणजे माझे सख्खे काका. वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम सातारा, प्रकृती ठणठणीत, ऐकू कमी येतं असं आम्ही म्हणतो, 'तुम्ही पुटपुटता' असं ते म्हणतात. कागदोपत्री हुद्दा टेलिग्राफिस्ट; तारमास्तर ही पदवी गल्लीने दिलेली. 'नाना तारखात्यातून रिटायर झाले' असं कोणी म्हटलं की ते लगेच दुरुस्ती करतात. "लागलो पोस्ट आणि तार खात्यात. १९८५ साली भाऊबंदकी झाली. पोस्ट तिकडे, आम्ही दूरसंचारात. २००० साली, एक ऑक्टोबरला, खात्याची कंपनी झाली. खुर्ची तीच, पंखा तोच, पंख्याचा आवाजही तोच. बाहेरची पाटी तेवढी दोनदा बदलली."

ग्रुपवरची त्यांची मुख्य कामगिरी म्हणजे पुढे पाठवणे. हळदीने काय बरं होतं, तांब्याच्या भांड्याने काय टळतं, आज रात्री बारानंतर फोन उशाशी का ठेवू नये. युनेस्कोने आपल्या राष्ट्रगीताला जगात पहिला नंबर दिल्याची बातमी तर दर पावसाळ्यात येते. ती खोटी आहे असं खुद्द युनेस्कोने सांगून झालं, पण युनेस्को आमच्या ग्रुपवर नाही.

एकदा न राहवून मी विचारलं, "नाना, पाठवायच्या आधी वाचता तरी का हो?"

नानांनी चष्मा काढला. दुसऱ्याची पाकिटं फोडता का, असं विचारल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"वाचायचं? मी? अगं, दुसऱ्याचा मजकूर वाचून त्यावर मत करायचं नसतं. आला तसा घ्यायचा, आहे तसा पुढे द्यायचा. काना नाही, मात्रा नाही. चाळीस वर्षं तेच केलं. 'फादर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली' अशी तार आली की मी आधी मिरजेला जाऊन फादर खरंच सिरियस आहेत का, ते बघून यायचो की काय? आणि मधल्या मध्ये तार दाबून ठेवली असती तर? १८८५ चा कायदा होता बाई. आत टाकलं असतं."

मी गप्प बसले. माणूस अफवा पसरवतो तो भोळा असतो किंवा बिलंदर असतो, अशी माझी समजूत होती. तो कर्तव्यदक्षही असू शकतो हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

२०१८ साली व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठवता येईल असं बंधन घातलं. नानांना तो लाइनवरचा बिघाड वाटला. दोन दिवस त्यांनी लाइनमनची वाट पाहावी तशी वाट पाहिली. मग पाच-पाचच्या तुकड्या पाडल्या: आधी सख्खे, मग चुलत, मग कराडच्या आत्याकडचे. २०२० मध्ये फार फिरून आलेल्या मजकुराला एका वेळी एकच ठिकाण ठेवलं गेलं, तेव्हा नानांनी वही घातली. दोनशेपानी, रेघांची. डाव्या रकान्यात मजकुराची खूण ('हळद', 'युनेस्को', 'गुडघे'), उजवीकडे नावं, पुढे बरोबरच्या खुणा. 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असा शिक्का मजकुरावर दिसला की तुम्हीआम्ही सावध होतो. नाना खूश होतात. इतक्या हातांतून गेला आणि तरी धड पोचला.

आता ते जोडलेल्या हातांचं. २०१४ साली निळ्या खुणा आल्या आणि जगभर लोक चिडले, की आपण वाचलं हे दुसऱ्याला कळतंच कसं. नानांना मात्र ती उशिरा सुचलेली अक्कल वाटली. पोच नको का? पूर्वी उत्तराचे पैसे आधीच भरून तार करता यायची, रिप्लाय पेड; समोरच्याला सबब उरायची नाही. नाना आजही संदेशावर बोट दाबून धरतात, कोणी कधी वाचला त्याची यादी उघडतात आणि संध्याकाळी एकेकाला फोन लावतात. "काल रात्री नऊ बेचाळीसला वाचलंस. उत्तर नाही. बरा आहेस ना?" आमच्या यजमानांनी निळ्या खुणा बंद करून ठेवल्या, तर त्यांना थेट आमच्या लँडलाइनवर गाठलं. ही लँडलाइन आम्ही नानांसाठीच ठेवली आहे. तिच्यावर दुसऱ्या कोणाचाच फोन येत नाही.

फोनवरचा नानांचा आवाज अंतरावर ठरतो. कराडला साधा, पुण्याला चढा, नागपूरला गल्ली जागी होईल असा. न्यू जर्सीशी बोलताना शेजारचे टीव्ही बंद करतात आणि भारत-अमेरिका संबंध कुठवर आलेत ते ऐकतात. ट्रंक कॉलच्या दिवसांत घसा बसेपर्यंत ओरडल्याशिवाय पलीकडे काही पोचायचं नाही. ती सवय तारेबरोबर गेली नाही. व्हिडिओ कॉल असला तरी बोलायची वेळ आली की फोन कानाला. नानांचा उजवा कान आमच्या घराण्यात सगळ्यांनी आतून पाहिलेला आहे.

२०१३ साली तार बंद झाली. १४ जुलै, रविवार, शेवटचा दिवस. नानांना निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, तरी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि रांगेत उभे राहिले. रांगेत निम्मी कॉलेजची पोरं होती. ज्यांनी जन्मात तार पाहिली नाही ती आठवण म्हणून स्वतःलाच तार करत होती, याची नानांना गंमत वाटली. पन्नास शब्दांपर्यंत २७ रुपये असा दर होता. मला आलेली तार अजून कपाटात आहे. मजकूर असा: 'सर्व कुशल. ही शेवटची. नाना.' पाच शब्द. उरलेल्या पंचेचाळिसांचे पैसे भरले असताना ते वापरले का नाहीत, असं मी फोनवर विचारलं. "आणखी सांगण्यासारखं काही नव्हतं," नाना म्हणाले आणि पुढे त्यावर पाऊण तास बोलले.

मधली पिढी आमची. आम्ही एसटीडीवाले. नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास पुण्यात होस्टेलवर असताना रात्री अकरा वाजायची वाट बघायची, कारण अकरानंतर पाव दर. पिवळ्या पाटीच्या बूथबाहेर रांग, आत काचेच्या खोक्यात घाम, समोर लाल आकडे पळतायत आणि आई विचारतेय, जेवलीस का. पैसे पळत असताना तीनतीनदा तेच विचारायची. पुढे मोबाइल आले तेव्हा आलेल्या फोनलाही पैसे पडत. मग मिस्ड कॉलची सांकेतिक भाषा. एक रिंग: पोचले. दोन रिंगा: खाली ये. इतकी वर्षं काटकसर सोसल्यावर बोलणं फुकट झालं आणि आमचा बांध फुटला. मला साधं 'उद्या येते' लिहायचं असलं तरी आठ ओळी होतात. कोणत्या गाडीने, कोणाबरोबर, जेवायला नाही हं, आणि तरी केलंच तर भात थोडा. वर तीन फुलं. माझ्या व्हॉइस नोटा माझी लेक दुप्पट वेगाने ऐकते. ती ऐकत असताना एकदा मी खोलीत गेले. कोणी चिमणी भांडते आहे असं वाटलं. ती मीच होते.

लेक एकोणीस वर्षांची, बंगळुरूला शिकते. तिला मी एकदा असाच संदेश पाठवला: थंडी पडली असेल, स्वेटर खालच्या कप्प्यात ठेवलाय, लाडवांचा डबा रूममेटला दाखव पण एकदम संपवू देऊ नकोस, झोप पुरी घे, आणि परवा जे झालं ते मनात ठेवू नकोस, मी बोलून गेले. उत्तर आलं. इंग्रजी 'के'. एकच अक्षर. 'ओके' मधला 'ओ' सुद्धा तिने घरात ठेवला होता.

मी हिरमुसले. नाना तेव्हा मोतीबिंदूसाठी पुण्याला आमच्याकडे आले होते. एका डोळ्यावर हिरवी झापड, दुसऱ्यावर चष्मा. त्यांच्यापुढे फोन धरला. "बघा. एवढं लिहिलं मी, आणि हे उत्तर."

नानांनी फोन हातभर लांब धरून ते अक्षर पाहिलं. मग त्यांचं बोट खुर्चीच्या हातावर वाजलं. लांब, आखूड, लांब.

"हे 'के' आहे."

"ते मलाही दिसतंय हो."

"तसं नव्हे. आमच्या मोर्समध्ये नुसता 'के' आला की त्याचा अर्थ: माझं झालं, आता तुम्ही बोला. ऐकतोय. लाइन मोकळी आहे." नाना खुर्चीत ताठ झाले होते. "पोर म्हणतेय, आई, बोल पुढे. आणि तू रुसून बसलीस. अगं, कुठे शिकली ही?"

कुठेच नाही हे मला माहीत होतं. नानांना ते पटलं नाही. त्या दिवसापासून या मुलीला तारखात्यात घ्यायला हवं होतं असं त्यांचं मत झालं. खातं उरलं नाही, हा त्यांच्या दृष्टीने तपशील.

मग दोघांचं जमलंच. तिकडून 'पोचले' एवढंच येतं, इकडून 'ठीक' एवढंच जातं, आणि मला कळवायचं दोघंही विसरतात. नाना तिला लग्नाच्या तारा समजावतात: शुभेच्छांची वाक्यं आधीच छापून ठेवलेली असत आणि त्यांना नंबर असत. आपण फक्त नंबर सांगायचा; तिकडे अख्खं वाक्य उमटायचं, पैसे मोजके. दिवाळीला एक नंबर, नवरा-नवरीला आठ नंबर. लेक म्हणाली, "म्हणजे स्टिकर!" नानांनी थोडा विचार केला. "स्टिकरच. पण बदकाशिवाय."

दिवाळीच्या सुट्टीत तिने नानांच्या फोनवर मोर्सचा कीबोर्ड बसवला. गुगलच्या कीबोर्डात ती सोय २०१८ पासून आहे; दोनच मोठी बटणं, एक टिंबाचं, एक रेघेचं. एरवी नाना मराठी एका बोटाने लिहितात. 'क्ष' शोधताना त्यांचा अर्धा तास जातो आणि शेवटी ते शब्द बदलतात. त्या दोन बटणांवर मात्र अंगठा असा पडू लागला की आम्ही सगळे बघत राहिलो. कित्येक वर्षं ज्या हाताने काम केलं नव्हतं, त्या हाताला काही विचारावं लागलं नाही. फक्त अक्षरं उमटली ती रोमन. ग्रुपवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत नानांचा मराठी संदेश पडला: 'सातारा पोचलो. डबा विसरलो. पाठवणे.' अर्ध्या ग्रुपला वाटलं नानांचा फोन हॅक झाला. कराडच्या आत्याला वाटलं नाना गेले. तिच्या पिढीत त्या घाटाचा मजकूर कोणी गेल्याशिवाय येत नसे. ती रडत-रडत नानांनाच फोन लावून बसली आणि नानांनी उचलल्यावर आणखी रडली.

हे तारेचं भय आमच्या घरात मी लहानपणी पाहिलंय. खाकी कपड्यातला माणूस सायकल टेकवताना दिसला की आजी आधी खाली बसायची, मग पाकीट उघडायचं. कोणी परीक्षेत पास झाल्याची तार असली तरी आधी बसायचं. मला वाटायचं, गेला तो काळ. तो माझ्या लेकीच्या खोलीत मुक्कामाला आहे. तिला न विचारता फोन केला तर उचलताना आवाज थरथरतो: "काय झालं? कोण गेलं?" तिच्या लेखी भली माणसं आधी 'फोन करू का?' असं लिहून विचारतात आणि होकाराची वाट बघतात. मी म्हटलं, हा काय शिष्टपणा. नाना म्हणाले, "बरोबर आहे तिचं. साधा कॉल, अर्जंट कॉल, लाइटनिंग कॉल असे तीन प्रकार होते. तू बटाट्याची भाजी झाली हे सांगायला लाइटनिंग लावतेस."

आणि एकदा नानांनी माझे पंधरा हजार वाचवले. दुसऱ्या डोळ्याच्या वेळची गोष्ट. अनोळखी नंबरावरून संदेश आला: 'आई, माझा फोन पाण्यात पडला आहे. हा मैत्रिणीचा नंबर आहे. मला तातडीने पंधरा हजार रुपये पाठव. नंतर सगळं सांगते.' माझे हातपाय गार. पैसे पाठवायला अॅप उघडलं, पिन घालणार, तेवढ्यात नाना म्हणाले, "आण इकडे."

चाळीस वर्षांत ज्या माणसाने मजकूर वाचला नाही, त्याने तो दोनदा वाचला.

"हा तिचा हात नाही."

तारेवर पलीकडे कोण बसलंय ते म्हणे नुसत्या कटकटीवरून कळायचं. कोल्हापूरचा एक जण रेघ ताणायचा, सोलापूरचा अक्षरांमध्ये दम खायचा. त्याला 'हात' म्हणत. तोंड कधी पाहिलेलं नसलं तरी हात ओळखीचा. "चार वाक्यं आहेत. चारही पुरी. चारही जागी पूर्णविराम. आपल्या पोरीने जन्मात कधी पूर्णविराम दिलाय? पूर्णविराम दिला की रागावल्यासारखं दिसतं, असं तिनेच मला शिकवलंय. आणि 'तातडीने'? हा शब्द माझा आहे. तिला येत नाही."

आम्ही तिच्या नेहमीच्या नंबरवर फोन लावला. दुसऱ्याच रिंगला उचलला. "आई? काय झालं? कोण गेलं?"

कोणी गेलं नव्हतं, पैसेही नाहीत. असं पैशाचं काही झालं तर १९३० ला फोन करायचा असतो, तो नंबर नानांनी वहीत लाल शाईने लिहून घेतला. मी देवापुढे साखर ठेवली. नाना इतका सावध माणूस आहे, हे आपल्याला इतकी वर्षं कळू नये, याची मला मनातून लाज वाटली. त्याच रात्री नऊ वाजता त्यांनी ग्रुपवर टाकलं: 'सावधान! +९२ ने सुरू होणारा फोन उचलल्यास मोबाइलचा स्फोट होतो. किमान दहा जणांना कळवा.' वहीत नोंद: 'स्फोट'. पुढे एकवीस बरोबरच्या खुणा.

यंदा गणपती साताऱ्याला करायचे ठरले. कोण कधी येणार, कोणी काय आणायचं, उकड कोण काढणार, मागच्या वर्षी आरतीच्या वेळी मोबाइल कोणाचा वाजला आणि यंदा तो वाजू नये यासाठी काय करावं, असं सगळं मी ग्रुपवर नीट, कोणाला टोचणार नाही अशा बेताने लिहिलं. दुपारचा तास गेला त्यात. न्यू जर्सीहून जोडलेले हात आले. यजमानांकडून अंगठा आला, तोही शेजारच्या खोलीतून. लेकीचा 'के' आला. आणि नानांचा निकाल आला:

'शब्द ११८. जादा आकार पडेल. मजकूर असा हवा: गणपती सातारा. उकड तू. मोबाइल बंद. या.'

माझा पारा चढला. माणसं जोडायची म्हणून मी मेली लिहीत बसते, आणि इथे शब्द मोजले जातात. काय लिहावं सुचेना. अंगठ्याला सुचलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एकच अक्षर टाइप केलं, इंग्रजी 'के', आणि फणकाऱ्याने फोन ओट्यावर उपडा टाकून कणीक तिंबायला घेतली.

अर्धं मिनिट शांतता. मग फोन थरथरला. पुन्हा थरथरला. थांबेना. हात पिठाचे, म्हणून कोपराने उलटा केला. हळद. गुडघे. युनेस्को. कढीपत्त्याचे अठरा उपयोग. साताऱ्याहून, एकामागून एक, मुठी भरभरून. मधे लेकीची एकच ओळ, अर्थातच पूर्णविरामाशिवाय: 'आई तूच म्हणालीस बोला पुढे'

फोन थरथरत थरथरत परातीकडे सरकत होता. मी बघत राहिले. सतराव्याला जरा दम खाल्ला त्यांनी, सोलापूरच्या त्या माणसासारखा. मग अठरावं आलं. गुलाब होता, दव होतं, आणि या वेळी बदकं दोन होती.